पाच छोटे गेम दीड तासात का अडकतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलमध्ये पाच इंडी गेम (छोट्या, स्वतंत्र चमूंनी बनवलेले) घेतले: सेलेस्ट, हॉलो नाइट, स्ले द स्पायर, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, आणि पुण्यात बनलेला म्हणून राजी. आजवर शूटिंगचे आणि ओपन वर्ल्डचे मोठे गेम भरपूर खेळून झालेत. तरी यातला एकही दीड तासापुढे सरकला नाही. लॅपटॉप जुना आहे, कंट्रोलर नाही, सगळं कीबोर्डवर. लोक एवढं डोक्यावर घेतात ते कशासाठी?

डोक्यावर घेण्यासारखं आहे, आणि तुमचा हातही वाईट नाही. अडचण सवयीची आहे. मोठ्या गेममध्ये एक गोष्ट जमली नाही तर दुसरी करता येते: नेमबाजी येत नसेल तर लपतछपत जा, तेही नको असेल तर नुसती गाडी फिरवा. छोटा गेम दोन-चार माणसं वर्षानुवर्षं एकाच नियमावर घासत बसलेली असतात. त्या नियमाला वळसा घालून जायची वाट त्यांनी ठेवलेलीच नसते. त्यामुळे पहिल्या तासात किती पुढे गेलो हे मोजू नका. नियम कोणता आहे तेवढं ओळखा.

पण त्याआधी कीबोर्ड तपासा. हे कोणी सांगत नाही आणि निम्मी भांडणं इथलीच असतात. स्वस्त आणि लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये बटणं जाळीसारखी जोडलेली असतात. ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं पोचतच नाही. नोटपॅड उघडा, वरचा आणि उजवा बाण दाबून धरा, सोबत झेड धरा आणि आता एक्स दाबा. एक्स उमटला नाही, तर सेलेस्टमध्ये भिंत धरून वर-उजवीकडे डॅश (झटकन घेतलेली झेप) मारणं तुमच्या कीबोर्डवर शक्यच नाही. तुम्ही शंभर वेळा मेलात त्यातल्या कित्येक वेळा बटण गेमपर्यंत गेलेलंच नव्हतं. उपाय फुकट आहे: सेटिंगमध्ये जाऊन भिंत धरण्याचं बटण शिफ्टवर न्या. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट ही बटणं बहुतेक कीबोर्डांत वेगळी जोडलेली असतात, म्हणून ती सहसा अडत नाहीत. उडी स्पेसवर नेली तर अंगठ्यालाही काम मिळतं.

दुसरं, चार्जर लावून खेळा. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःहून मंदावतो, सेकंदाला ६० फ्रेमच्या (म्हणजे चित्रांच्या) जागी ३०-४० येतात आणि उड्या चुकायला लागतात. ६० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही बऱ्याच फ्रेम मागे राहतो. ब्लूटूथ इअरफोनने आवाज मागाहून येतो. या पाच गेमना ते चालून जातं, ताल धरून खेळायच्या गेमला अजिबात नाही.

आता सेलेस्ट. जानेवारी २०१८ चा गेम. त्याचं मूळ चित्र अवघं ३२० बाय १८० पिक्सेलचं आहे, तेच मोठं करून दाखवतात, त्यामुळे जुना लॅपटॉप पुरतो. नियम एका ओळीत मावतो: हवेत एक डॅश मिळतो, जमिनीला पाय लागला की तो परत मिळतो. बाकी सगळं या एका नाण्याची चिल्लर आहे. मोठ्या गेमची सवय म्हणते, संकट दिसलं की डॅश मार. सेलेस्टमध्ये त्या सवयीने मरण येतं, कारण खरी गरज लागते तेव्हा हातात डॅश उरलेला नसतो. नव्या खोलीत आलात की आधी उभे राहा. कुठे पाय टेकता येईल, हिरवा स्फटिक कुठे आहे (तोही डॅश परत देतो), आणि या दोन जागांच्या मध्ये डॅश नक्की कुठे खर्चायचा, एवढंच ठरवा. खोली एकाच पडद्यात मावत असेल तर सगळं उत्तर तिथेच समोर मांडलेलं असतं.

हा गेम कठोर दिसतो, पण आतून भलताच मायाळू आहे. पात्राच्या हालचालीचा कोड बनवणाऱ्यांनीच खुला केलेला आहे, त्यात आकडे दिसतात. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत उडी मान्य होते, म्हणजे सहा फ्रेम. जमिनीवर टेकायच्या ०.०८ सेकंद आधी उडी दाबली तरी गेम ती लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी मारतो. डोकं छताच्या कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत अडलं तर गेम तुम्हाला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. भिंतीला चिकटलेले नसताना, दोन पिक्सेल अंतरावरूनही भिंतीवरची उडी बसते. डॅश दाबल्यावर गेम क्षणभर थिजतो आणि दिशा त्या थिजण्यानंतर वाचतो. म्हणजे तिरका बाण जरा उशिरा दाबला गेला तरी चालतं.

याचा वापर कसा करायचा? घाई सोडून. नवखा माणूस कड्याच्या फार आधी उडी मारतो, कारण पडायची भीती असते. अगदी काठापर्यंत जा, थोडं पुढेही चालेल, आणि मग मारा. दुसरी चूक म्हणजे उडीचं बटण टिचकीसारखं दाबणं. दाबून धरलंत तर उडी उंच जातेच, शिवाय सर्वोच्च बिंदूजवळ गुरुत्वाकर्षण निम्मं होतं. तिथे जो अर्धा श्वास हवेत थांबल्यासारखा वाटतो, तो दिशा ठरवण्यासाठीच दिलेला आहे.

भिंत धरण्याचा दम ११० चा असतो. नुसतं चिकटून राहिलात तर सेकंदाला १० जातो, म्हणजे ११ सेकंद मिळतात. वर चढायला लागलात तर सेकंदाला सुमारे ४५ जातो, अडीच सेकंदांच्या आत खेळ संपतो. भिंत धरून वर मारलेली एक उडी साडेसत्तावीसची, म्हणजे अशा चार. पण भिंतीपासून दूर, बाजूला मारलेल्या उडीला दम लागतच नाही. समोरासमोर दोन भिंती दिसल्या की चढत बसू नका, आलटून पालटून उड्या मारत वर जा. अंग लाल लुकलुकायला लागलं म्हणजे दम २० च्या खाली आलाय.

वाटेत अवघड जागी ठेवलेल्या स्ट्रॉबेरी सोडून द्या. त्या गोळा करून मित्रांवर छाप पडते, बाकी काही मिळत नाही, असं गेम स्वतःच बजावतो. पहिल्या फेरीत त्यांच्यामागे लागणं हे गेम अर्धवट सुटण्याचं एक मोठं कारण आहे. आणि असिस्ट मोड (गेम सोपा करून घेण्याची सोय) वापरायला लाजू नका. तिथे वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो. एखादी खोली पन्नास वेळा झाली नाही तर वेग ८० टक्के करा, दोनदा पार करा, परत १०० वर या. बोटांना क्रम कळलेला असतो, फक्त वेळ साधत नसते. अमरत्वाचा पर्याय मात्र शेवटी ठेवा, त्याने नियमच नाहीसा होतो.

हॉलो नाइट हा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा, २०१७ चा. इथे तुमची गाडी कुठे रुतली असेल याचा अंदाज सोपा आहे: नकाशा. चालत गेलं की नकाशा आपोआप भरतो ही मोठ्या गेमची सवय. इथे प्रत्येक भागाचा नकाशा आधी कॉर्निफर नावाच्या नकाशेवाल्याकडून विकत घ्यावा लागतो. तो जवळ असला की कागद विखुरलेले दिसतात आणि गुणगुणणं ऐकू येतं. मग डर्टमाउथ गावातल्या दुकानातून १२० जिओला (जिओ म्हणजे तिथले पैसे) लेखणी घ्यायची. ती असली तरी नवी जागा नकाशावर उमटते ती विश्रांतीच्या बाकावर बसल्यावरच. आपण कुठे आहोत ते दिसण्यासाठी तिथेच २२० जिओला कंपासचं चार्म (अंगावर लावायचा ताईत) मिळतं. ते लावायला चार्मसाठीच्या मोजक्या खाचांपैकी एक जाते आणि चार्म बाकावर बसूनच बदलता येतात. पहिले ३४० जिओ या दोन वस्तूंवर घाला, दुसरं काही घेऊ नका. एवढं केलं नाही तर तुम्ही त्याच चार बोगद्यांत गोल फिरत राहणार, आणि कंटाळा त्याचाच येतो.

लढाईचा नियम असा: मारल्याशिवाय बरं होता येत नाही. खिळा ही तुमची तलवार आणि सोल ही बरं करणारी शक्ती. खिळ्याचा एक घाव ११ सोल देतो, बरं व्हायला ३३ लागतं, भांडं ९९ ला भरतं. म्हणजे तीन घावांना एक मुखवटा (जीव इथे मुखवट्यांत मोजतात). पळत राहून जीव वाचवणारा माणूस इथे हळूहळू मरतो, कारण त्याचं भांडं रिकामं. बरं होताना सेकंदभर एका जागी उभं राहावं लागतं. तेव्हा बॉसच्या, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, चाली पाठ करण्याचं खरं कारण घाव घालणं हे नाही, तो सेकंद शोधणं हे आहे. बॉस लांब उडी मारून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेला की एक मुखवटा भरा, दोनचा मोह नको.

मेलात तर तुमची सावली तिथे राहते, सगळे जिओ तिच्याकडे. ती परत मिळेपर्यंत भांडंही फुटकं असतं, त्यात ६६ च मावतात. वाटेत पुन्हा मेलात तर आधीचे जिओ गेले. म्हणून बॉसकडे जाण्याआधी जिओ खर्चून टाका. मग हरलात तरी जीव तुटत नाही. आणि खाली मारायला शिका: हवेत असताना खालचा बाण आणि एक्स. शत्रूवर किंवा काट्यांवर घाव बसला की तुम्ही परत उसळता. पुढचा अर्धा गेम या उसळीवर चालतो, पण तसं सांगणारी पाटी कुठे लावलेली नाही.

स्ले द स्पायरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या पाचांत सर्वांत चुकीचा समजला जाणारा गेम हाच. पत्त्यांचा म्हटल्यावर आपल्याला रमी आठवते: चांगलं पान आलं, घेतलं. इथे घेतलेलं प्रत्येक पान पुढच्या सगळ्या लढायांत पुन्हा पुन्हा हातात येणार असतं. लढाई जिंकल्यावर तीन कार्डं समोर येतात तेव्हा त्यातलं उत्तम कुठलं हा प्रश्नच नाही. हातात येणाऱ्या पाच कार्डांत हे मला हवंय का, एवढंच विचारा. नको असेल तर ‘वगळा’ हे बटण त्यासाठीच आहे.

आयर्नक्लॅड हे पात्र घेऊन बघू. जीव ८०, सुरुवातीला दहा कार्डं: पाच स्ट्राइक (६ चा मार), चार डिफेन्ड (५ चा बचाव), एक बॅश (८ चा मार, शिवाय शत्रू दोन फेऱ्या कमजोर, म्हणजे त्याला दीडपट लागतं). दर फेरीला पाच कार्डं आणि तीन ऊर्जा. बॅशला दोन ऊर्जा लागते, बाकीच्यांना एक. शत्रूच्या डोक्यावर तो या फेरीत काय करणार ते लिहिलेलं असतं, आणि हाच या गेमचा पाया आहे. तो मारणार नसेल तर डिफेन्ड खेळणं म्हणजे ऊर्जा नाल्यात ओतणं.

पहिल्या भागात बहुतेकांना आडवा करतो तो ग्रेमलिन नॉब. त्याचा जीव ८२ ते ८६. पहिल्या फेरीत तो नुसता आरोळी ठोकतो. त्यानंतर तुम्ही स्किल प्रकारचं कुठलंही कार्ड खेळलात की त्याची ताकद २ ने वाढते, कायमची. डिफेन्ड हे स्किल आहे. म्हणजे एक डिफेन्ड तुमचे ५ वाचवतं आणि पुढच्या प्रत्येक माराला २ जोडतं. घाबरून डिफेन्ड करत बसलेला खेळाडू स्वतःच त्याला खाऊ घालत असतो. आता आपला हिशेब करा. पानं अगदी मनासारखी आली तर पहिल्या फेरीत बॅश आणि एक स्ट्राइक: ८ अधिक ९, झाले १७. दुसऱ्या फेरीत तीन स्ट्राइक, प्रत्येकी ९, झाले २७. एकूण ४४. तिसऱ्या फेरीत तो कमजोर नसतो, मग १८. म्हणजे नुसत्या मूळ कार्डांवर तो चौथ्या फेरीच्या आधी पडत नाही, आणि दुसऱ्या फेरीपासून तो कधी १४ चा घाव घालतो, कधी ६ चा घालून तुम्हालाच कमजोर करतो आणि मग २१ चा घालतो.

म्हणजे निकाल डावाच्या सुरुवातीलाच ठरतो. मनोरा चढताना अशा दांडग्यांच्या खोल्या सहाव्या मजल्यापासून दिसायला लागतात. तिथे पोचेपर्यंत माराची दोन-तीन दणदणीत कार्डं डेकमध्ये हवीतच, मग ती दीर्घकाळात सामान्य का असेनात. ‘पुढे कामी येईल’ म्हणून नाजूक जुळण्यांची कार्डं इथे घेणारा पुढे जातच नाही. सहाव्या मजल्यानंतर उलट वागा: वगळायला शिका, आणि दुकानात पहिल्यांदा ७५ सोनं देऊन एक स्ट्राइक काढून टाका. (पुढच्या वेळी हाच दर २५ ने वाढतो.) शेकोटीपाशी जीव निम्म्याच्या वर असेल तर आराम करू नका, कार्ड सुधारा. बॅश सुधारला की मार १० आणि कमजोरी तीन फेऱ्या. भागाच्या शेवटचा बॉस पाडला की, अवघडपणाची पातळी सुरुवातीचीच असेल तर, जीव पूर्ण भरतो. म्हणून जीव जपून बॉसपर्यंत नेण्यात काही पुण्य नाही. जीव हे खर्चायचं चलन आहे, तसं तो खर्चा. औषधाच्या बाटल्याही नॉबवर फोडा. त्या साठवून मेलेले डाव मोजायला गेलं तर संध्याकाळ पुरणार नाही.

ओब्रा डिन २०१८ चा, लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्याने केलेला. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत आलंय, आणि तुम्ही विम्याचे निरीक्षक. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते वहीत भरायचं. त्यांत आपल्याकडचे खलाशीही आहेत. तुम्ही बहुधा याला गोष्ट समजून खेळलात: एक आठवण (प्रेतापाशी दिसणारा मरणाचा क्षण) बघितली, पुढची बघितली, शेवटी कोण कोण आहे ते कळेल म्हणून थांबलात. कळत नाही. आठवणी सगळ्या पाहून झाल्यावर खरा गेम सुरू होतो.

गेम तुमचं उत्तर बरोबर असल्याचं तीन-तीनच्या गठ्ठ्यांनी सांगतो. एकाचं नाव आणि गत बरोबर लिहिलीत तरी शिक्का बसत नाही, तिघांची जमली की बसतो. म्हणून अंदाजपंचे चालत नाही. पण दोन पक्के असतील तर तिसऱ्यावर दोन-चार नावं फिरवून बघता येतात, आणि शेवटच्या पाच-सहा जणांसाठी ते करायला माझी ना नाही. वहीत चेहरा धूसर असेल तर त्याला ओळखण्यापुरता पुरावा तुम्ही अजून पाहिलेला नाही. तिथे डोकं फोडू नका. चेहऱ्याखालचे त्रिकोण अवघडपणा सांगतात. एक त्रिकोणवाले आधी घ्या.

आठवणीत शिरलात की मरणाऱ्याकडे बघून झाल्यावर त्याच्याकडे पाठ करा. मागे कोण उभा आहे, कोणाच्या हातात कुठलं हत्यार, कोण कोणाच्या शेजारी झोपतो, कोणाच्या अंगावर अधिकाऱ्याचा कोट. यादीत प्रत्येकाचा हुद्दा आणि देश दिलेला आहे, क्रमांकही आहे. तेच क्रमांक जहाजावर आणखी कुठे दिसतात का ते शोधा. याहून जास्त सांगणं हा गुन्हा ठरेल. संवाद काळ्या पडद्यावर अक्षरांत येतात, त्यामुळे इंग्रजी उच्चार न कळल्याने काही बुडत नाही. मात्र लागोपाठच्या चार-पाच संध्याकाळी खेळा. महिनाभर मध्ये गेला तर चेहरे विसरतात आणि वही पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते. ठिपक्यांच्या चित्राने डोळे दुखत असतील तर सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरांचे वेगवेगळे रंग आहेत, ते बदलून बघा.

राजीबद्दल थोडंच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. तुमच्या पाचांत जुन्या लॅपटॉपला जड जाणारा हाच, कारण तो अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या जड सॉफ्टवेअरवर आहे. रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा आणि सावल्या कमी करा, मग हात चालतो. लढाईत एका जागी उभं राहून वार करू नका. भिंतीवर धावून उसळी घेणं, खांबाला धरून फिरणं, यातून मार बसतो. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे काही उड्यांचा अंदाज चुकतो. ती गेमची उणीव आहे, तुमची नाही. भित्तिचित्रांपाशी मात्र थांबा. दुर्गा आणि विष्णू यांच्या बोलण्यातून गोष्ट उलगडते आणि या गेमचा जीव तिथे आहे. तासाला किती रुपये पडले हा हिशेब अशा गेमला लावू नये. नुसत्या तासांचीच गरज असेल तर मोबाइलवर फुकटचे गेम पडलेत.

पैशांचं म्हणाल, तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतले असतील तर खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि खेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात. तुमचे पाचही दीड तासावर आहेत, म्हणजे प्रत्येकात अर्धा तास शिल्लक. गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो, म्हणून बंद करून उठा. त्या अर्ध्या तासात सेलेस्टमध्ये बटणं बदलून अडलेली एकच खोली, स्ले द स्पायरमध्ये नव्या डावाचे पहिले सहा मजले, हॉलो नाइटमध्ये नकाशा, लेखणी आणि कंपास. ओब्रा डिनला अर्धा तास पुरणार नाही, तो ठेवून द्या. एवढं करूनही पत्ते नकोसे वाटले तर स्ले द स्पायर बिनधास्त परत करा, त्या पैशात कीबोर्डऐवजी साधा वायरचा कंट्रोलर घ्यायला हातभार लागेल. हॉलो नाइटच्या खालच्या घावाला त्याचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.